तंतूची साक्ष

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या काठाला लागून खिदिरपूर ही जुनी वस्ती आहे. १८९२ साली तेथील गोदी जहाजांसाठी खुली झाली, आणि तेव्हापासून या वस्तीला आवाजाची कधी वाण पडली नाही. जहाजांचे भोंगे, याऱ्यांची घरघर, मालमोटारींचा खडखडाट, मशिदीतील अजान, देवळातील घंटा आणि बाजारात एकाच वेळी कानी पडणाऱ्या बंगाली, उर्दू, हिंदी व भोजपुरी अशा चार भाषा! खिदिरपूरची दुसरीही एक ओळख आहे. मायकेल मधुसूदन दत्त, रंगलाल बंदोपाध्याय आणि हेमचंद्र बंदोपाध्याय हे बंगालीचे तीन मोठे कवी या परिसरात राहून गेले. तेथील एका रस्त्याला म्हणूनच ‘कवितीर्थ’ असे नाव मिळाले आहे.

आवाजांनी आणि शब्दांनी अशा भरलेल्या वस्तीतही एखादे मूल असे जन्माला येते की, ज्याला यातले काहीच ऐकू येत नाही. दर हजार नवजात बालकांमागे एखाद-दुसरे तरी मूल ऐकण्याची मोठी उणीव घेऊन जन्मास येते, असे जगभरच्या पाहण्या सांगतात. बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही. मूल हसते, खेळते, आईच्या मुद्रेवरून पुष्कळ समजून घेते. दीड-दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा घरात पहिली शंका येते. आणि त्या शंकेचे निरसन ‘याचे वडीलही उशिराच बोलायला लागले’ अशा एखाद्या समजुतीने केले जाते. दिवस निघून जातात. या विषयात सर्वांत मोलाची वस्तू कोणती असेल, तर ती हे दिवसच होत.

मुलाचे बहिरेपण नेमके कोठे आहे, हा पहिला प्रश्न. आपला अंतःकर्ण म्हणजे शंखासारखी अडीच वेढ्यांची एक इवलीशी नळी. तिला कॉक्लिया म्हणतात. बाहेरचा ध्वनी पडद्यावरून आणि तीन चिमुकल्या हाडांवरून या नळीतील द्रवापर्यंत पोचतो. तेथे केशपेशींच्या रांगा असतात. द्रव हलला की या पेशींवरचे सूक्ष्म केस लवतात आणि त्या हालचालीचे रूपांतर विजेच्या इशाऱ्यात होते. हा इशारा उचलून मेंदूकडे नेणारा जो मज्जातंतू, तोच श्रवणतंतू. एका कानामागे त्यात सुमारे तीस हजार तंतू असतात. केशपेशी हे जणू तारघरातील यंत्र, आणि श्रवणतंतू ही त्या यंत्रापासून राजधानीपर्यंत गेलेली तार.

जन्मतः बहिऱ्या असलेल्या बहुतेक मुलांत बिघाड असतो तो यंत्रात. तार पुष्कळ अंशी शाबूत असते. कॉक्लिअर इंप्लांट या साधनाची सारी मदार या एका गोष्टीवर आहे. कानामागे लावलेला भाग ध्वनी टिपतो व त्याचे पृथक्करण करतो. त्वचेखाली बसविलेला भाग ते संकेत ग्रहण करतो. आणि शंखाकृती नळीत सरकवलेली विद्युतअग्रांची बारीक माळ निकामी झालेल्या केशपेशींना वगळून थेट तंतूलाच विजेचा स्पर्श करते. माळेत बनावटीप्रमाणे बारा, सोळा किंवा बावीस अग्रे असतात. नळीच्या तोंडाशी असलेली अग्रे उंच स्वरांची जाणीव देतात, आतली अग्रे खालच्या स्वरांची.

कानाला वीज लावून पाहण्याची कल्पना मात्र आजची नव्हे. विजेचा घट बनविणाऱ्या व्होल्टाने स्वतःच्याच दोन्ही कानांत धातूच्या सळ्या घालून प्रवाह सोडला होता. डोक्यात एक धक्का बसला आणि पाठोपाठ काही दाट पदार्थ रटरटत असल्यासारखा आवाज आला, असे वर्णन त्याने १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. प्रयोग पुन्हा करण्याचे धाडस मात्र त्याने केले नाही. पुढे १९५७ साली पॅरिसमध्ये द्जूर्नो आणि एरिएस या दोघांनी एका पूर्ण बहिऱ्या माणसाच्या श्रवणतंतूला विद्युतप्रवाहाने जागे केले. १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम हाऊस यांनी आणि १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रॅएम क्लार्क यांनी या मार्गावर पुढची पावले टाकली. १९९० साली अमेरिकेत लहान मुलांसाठी बहुअग्री साधनाला संमती मिळाली. भारतात १९९० नंतरच्या दशकात ही शस्त्रक्रिया रुजली. ती रुजविणाऱ्या शल्यविशारदांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव अग्रगण्य आहे. २०१४ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

प्रौढ माणसाच्या कानात असे साधन बसविले, तर काय ऐकू येते हे तो सांगू शकतो. आवाज लहान आहे, मोठा आहे, कर्कश आहे, हे बोलून दाखवू शकतो. दीड वर्षाच्या मुलाचे काय? त्याने आयुष्यात आवाज म्हणून काही अनुभवलेलेच नाही. ‘ऐकू येते का?’ हा प्रश्न त्याला ऐकू येत नाही. आणि आला, तरी उत्तर देण्यास त्याच्यापाशी भाषा नाही. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, त्याचीच साक्ष मिळत नाही, अशी ही विलक्षण अडचण आहे. त्यामुळे साक्ष घ्यावयाची ती दुसऱ्या कोणाची तरी. ती घेतली जाते प्रत्यक्ष श्रवणतंतूची.

येथे कोलकात्याच्याच एका थोर पुत्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १९०० साली पॅरिसच्या पदार्थवैज्ञानिकांच्या परिषदेत आणि १९०२ साली आपल्या ग्रंथात एक प्रश्न मांडला होता: जो बोलू शकत नाही, त्याला बाहेरच्या आघाताची जाणीव होते की नाही, हे ओळखावे कसे? वनस्पतीला चिमटा काढून तिच्यात उमटणारी विजेची सूक्ष्म लहर त्यांनी यंत्राने टिपून दाखविली. धातूंविषयीचे त्यांचे सगळेच निष्कर्ष विज्ञानाने पुढे मान्य केले असे नाही. परंतु मुक्याची साक्ष त्याच्या विद्युतप्रतिसादात शोधावी, ही त्यांची दृष्टी होती. त्यांनी १९१७ साली स्थापन केलेले विज्ञानमंदिर अप्पर सर्क्युलर रस्त्यावर उभे आहे; आणि १८९३ साली सुरू झालेली कोलकात्याची मूकबधिर शाळाही त्याच रस्त्यावर आहे. एकाच रस्त्यावरच्या या दोन वास्तूंत जे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जात होते, ते एका मुलाच्या कानात एकत्र यावयाला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

ही साक्ष तीन टप्प्यांनी घेतली जाते. पहिला टप्पा शस्त्रक्रियेपूर्वीचा. मूल झोपलेले असताना कानात टिकटिक असे बारीक आवाज सोडतात आणि डोक्याच्या त्वचेवर चिकटविलेल्या अग्रांनी मेंदूच्या बुंध्यातून उमटणाऱ्या लहरी टिपतात. ही चाचणी बेरा या नावाने आपल्याकडील रुग्णालयांत परिचित आहे. दुसरी एक चाचणी केशपेशींची. निरोगी केशपेशी स्वतःही एक अत्यंत क्षीण आवाज परत पाठवितात, असे १९७८ साली डेव्हिड केंप या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले. तो आवाज बाहेरच्या कानात बसविलेल्या सूक्ष्म ध्वनिग्राहकाने पकडता येतो.

या दोन चाचण्यांची उत्तरे परस्परांशी जुळतातच असे नाही. कधी केशपेशी चोख उत्तर देतात आणि तंतूकडून मात्र विस्कळित किंवा काहीच उत्तर येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत, अथवा जन्मानंतर तीव्र कावीळ झालेल्या मुलांत हा प्रकार विशेष आढळतो. यंत्र चालू आहे. पण संदेश नीट जात नाही. अशा मुलाची फक्त केशपेशींची चाचणी घेतली, तर ‘कान उत्तम आहे’ असा दाखला घेऊन आईबाप समाधानाने घरी जातील आणि मोलाची दोन वर्षे हरवतील. उलट, फक्त बेरा पाहून ‘येथे काहीच उरलेले नाही’ असे म्हणणेही घाईचे ठरेल. कारण बेरा विचारते ते तंतूंच्या एका तालात दिलेल्या उत्तराविषयी. तंतू असतील, पण ताल चुकला असेल, तर आलेख सपाट दिसतो. अशांपैकी पुष्कळ मुलांना इंप्लांटचा चांगला उपयोग झालेला आहे, कारण विजेचा ठोका तंतूंना पुन्हा एका तालावर आणू शकतो. म्हणून चुंबकीय प्रतिमा घेऊन तंतू जागेवर आहे की नाही, पुरेसा जाड आहे की नाही, हेही पाहावे लागते. काही थोड्या मुलांत तो जन्मतःच अत्यंत बारीक असतो, किंवा नसतोच.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा. विद्युतअग्रांची माळ नळीत सरकवून झाली की शल्यविशारद क्षणभर हात आवरतो आणि श्रवणतज्ज्ञ आपले यंत्र जोडतो. प्रथम प्रत्येक अग्राचा विद्युतरोध मोजला जातो. तार तुटलेली नाही ना, याची ती खात्री. त्यानंतर खरा प्रश्न तंतूला विचारला जातो. माळेतील एक अग्र विजेचा लहानसा ठोका देते आणि शेजारचे अग्र तंतूचे उत्तर ऐकते. बोलणाराही तोच आणि ऐकणाराही तोच, अशी ही योजना आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात ब्राउन, अबास आणि गँट्झ यांनी १९९० साली माणसाच्या कानातून अशी नोंद प्रथम प्रसिद्ध केली. आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ही सोय इंप्लांटच्या आतच बसविण्यात आली.

ऐकावयास सोपी असलेली ही गोष्ट करावयास कठीण होती. दिलेला ठोका व्होल्टच्या मापात असतो. तंतूचे उत्तर येते ते व्होल्टच्या दशलक्षांशाच्या मापात, आणि तेही सेकंदाच्या एक सहस्रांशाच्याही आत. आपल्याच हाकेचा घुमारा विरण्यापूर्वी दरीपलीकडून आलेली क्षीण ओ ऐकावी, तसा हा प्रकार. हाक आणि ओ वेगळी करावयाची कशी?

त्यासाठी तंतूच्याच एका स्वभावाचा उपयोग करून घेण्यात आला. एकदा उत्तर दिले की तंतूला अल्पकाळ विश्रांती लागते. त्या अवधीत दुसरा ठोका दिला तर तो मुकाट राहतो. म्हणून प्रथम एकच ठोका देऊन नोंद घेतात. तीत हाकही असते आणि ओही असते. मग लागोपाठ दोन ठोके देतात. दुसऱ्या ठोक्याच्या वेळी तंतू विश्रांती घेत असल्याने दुसरी हाक उमटते, पण तिची ओ उमटत नाही. तिसऱ्या वेळी पहिला ठोका तेवढा एकटा देतात. दुसऱ्या नोंदीतून तिसरी वजा केली की निव्वळ हाक हाती राहते. आणि ती पहिल्या नोंदीतून वजा केली की उरते ती निव्वळ ओ. वजाबाकीच्या शालेय हिशेबाने तंतूचे बोलणे असे स्वच्छ होऊन पडद्यावर उमटते: प्रथम एक खोल लवण, लगेच एक चढ. ती छोटीशी नागमोडी रेषा दिसली की शस्त्रक्रियागृहातील ताण सैल होतो. ज्या मुलाने जन्मात कशाला उत्तर दिले नव्हते, त्याचा तंतू उत्तर देत असतो, आणि तेही मूल गाढ भुलीत असताना.

तिसरा टप्पा शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी, साधन प्रथम सुरू करण्याच्या दिवसापासूनचा. प्रत्येक अग्राने किती वीज द्यावयाची, हे ठरवावे लागते. कमी दिली तर मुलाला काही ऐकू येणार नाही. जास्त दिली तर पहिलाच आवाज त्याला भय घालील आणि ते कानामागचे यंत्र ओढून फेकून देईल. ऐकण्याची गोडी लागण्याऐवजी धास्ती बसेल. तंतूने किती विजेला पहिले उत्तर दिले, तो आकडा येथे वाटाड्याचे काम करतो. बहुधा तो ‘जेमतेम ऐकू येणे’ आणि ‘सहन होईल इतके मोठे’ या दोहोंच्या मध्ये कोठे तरी पडतो. त्याच्या आधाराने तज्ज्ञ सावधपणे सुरुवात करतात, आणि मुलाचे डोळे, चेहरा, खेळ थांबवून पाहणे, यांवरून पुढचे ठरवितात.

या साक्षीचे मोल सांगताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. तंतूचे उत्तर आले, एवढ्यावरून मुलाला शब्द समजतील, असे सिद्ध होत नाही. ते उत्तर वेशीवरचे आहे. राजधानीत निरोप पोचला की नाही, पोचला तर त्याचा अर्थ लागला की नाही, हे ते सांगत नाही. वेशीपलीकडचे थोडे जाणण्यासाठी विजेच्याच ठोक्याने मेंदूच्या बुंध्यातील लहरी टिपण्याची चाचणी असते. तीही अर्थापर्यंत पोचत नाही. उलट, कित्येकदा यंत्राला तंतूचे उत्तर सापडत नाही आणि तरी मूल ऐकू लागते. म्हणून अनुभवी तज्ज्ञ या एका रेषेवर कोणाचे भवितव्य लिहीत नाहीत. आईबापांना मात्र ती रेषा म्हणजे निकाल वाटतो. रेषा दिसली की ‘आता मूल बोलणार’ असा आनंद, आणि दिसली नाही की सर्व संपल्याची निराशा. दोन्ही अकाली असतात. ज्यांचा तंतूच नाही अशा मुलांच्या घरी तर सत्य फार जपून सांगावे लागते. त्यांच्यापैकी काहींसाठी मेंदूच्या बुंध्यावर अग्रे बसविण्याची निराळी शस्त्रक्रिया आहे. आणि सर्वांसाठी खुणांची भाषा आहे. ती भाषा म्हणजे पराभवाची कबुली नव्हे. ती पूर्ण भाषा आहे, आणि २०१५ सालापासून तिच्या अध्ययनासाठी दिल्लीत केंद्रीय संस्थाही आहे. मुलाला भाषेवाचून ठेवणे हा खरा अपाय. भाषा कानावाटे आली काय किंवा डोळ्यांवाटे आली काय, ती वेळेवर आली पाहिजे.

वेळेचे हे महत्त्व मेंदूच्या घडणीत आहे. ऐकण्यासाठी राखलेला मेंदूचा भाग पहिल्या काही वर्षांत आवाजाची वाट पाहतो. साडेतीन वर्षांच्या आत आवाज पोचला तर तो भाग बहुधा वयाला साजेसा वाढतो, आणि सात वर्षांनंतर त्याची लवचीकता पुष्कळ ओसरते, असे संशोधकांना आढळले आहे. शासनाच्या योजनाही याच धोरणाने आखलेल्या आहेत. बालकांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरहून सुरू झाला. जन्मजात बहिरेपण शोधणे हा त्याचा एक भाग आहे. २०१४ साली साहाय्यक साधनांच्या केंद्रीय योजनेत कॉक्लिअर इंप्लांटचा समावेश होऊन एका मुलामागे सहा लाख रुपयांपर्यंत तरतूद झाली. या कामात पुढाकार असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली मुंबईत वांद्र्यास स्थापन झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या गृहस्थांचे नाव तिला दिलेले आहे. तिची पूर्वेकडील शाखा कोलकात्याच्या उत्तर टोकाला, बनहुगळी येथे आहे.

खिदिरपूरपासून शस्त्रक्रियेचे ठिकाण दूर नाही. जेथे १८९८ साली रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाच्या जंतूचा डासातील प्रवास उलगडला, ते जुने प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालय आज एस. एस. के. एम. या नावाने ओळखले जाते आणि खिदिरपूरच्या शेजारीच आहे. तेथे कॉक्लिअर इंप्लांट बसविण्याची सोय आहे. आणि ज्या रस्त्यावर ते उभे आहे, त्या रस्त्याला नाव आहे आचार्य जगदीशचंद्र बसूंचेच.

पण शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची असते. त्यानंतरचे काम वर्षानुवर्षांचे. आठवड्यातून एक-दोनदा मुलाला कडेवर घेऊन, बस बदलत, श्रवणशिक्षणासाठी जाणारी जी आई, तिच्यावाचून पडद्यावरची ती सुंदर रेषा व्यर्थ आहे. तिला यंत्राच्या बॅटऱ्या सांभाळाव्या लागतात, बंगालच्या दमट हवेपासून ते कोरडे ठेवावे लागते, आणि सर्वांत कठीण म्हणजे दिवसभर मुलाशी बोलावे लागते. कोणत्या भाषेत? घरात उर्दू, शाळेत बंगाली, बाजारात हिंदी. हाच प्रश्न कोलकात्यातील मराठी घरालाही पडेल, आणि दिल्लीतील किंवा हैदराबादेतील मराठी घरालाही. ज्या भाषेत आई अडखळत नाही, जिच्यात ती रागावते, लाडावते, अंगाई म्हणते, त्या भाषेपासून आरंभ करावा, हे त्याचे सरळ उत्तर आहे. तंतूला मराठी आणि बंगाली यांतील भेद कळत नाही. त्याला हवा असतो तो जिव्हाळ्याने, पुनःपुन्हा येणारा शब्द.

हुगळी ही मोठी लहरी नदी आहे. तिचा तळ गाळाने सारखा बदलतो. म्हणून खिदिरपूरच्या गोदीत येणाऱ्या जहाजापुढची खोली पुनःपुन्हा मोजावी लागते. कालच्या मापावर आजचे जहाज चालविता येत नाही. श्रवणतंतूची चाचणीही अशीच आहे. ती एकदा घेऊन संपत नाही. अग्राअग्राला, महिन्यामहिन्याला पुन्हा विचारून पाहावे लागते. माप घेणाऱ्याने वाट दाखवावयाची, जहाज मात्र दुसऱ्यांनीच चालवावयाचे असते.

आणि कधी एखाद्या संध्याकाळी गोदीत भोंगा होतो, अंगणात खेळणारे मूल खेळ थांबवून मान वळविते, आणि आईकडे पाहते. ‘हे काय?’ असे त्या डोळ्यांत असते. त्या वेळी उत्तर द्यावयाची पाळी आईची असते.